दत्ताच्या वडिलांचं गाऱ्हाणं

आमची पोस्ट काश्मीरमध्ये, एका नाल्याच्या काठावर. रोज पहाटे गस्तीची तुकडी निघायची. मी हवालदार, सेक्शन कमांडर. माझा टू-आयसी, म्हणजे माझ्यानंतरचा दुसरा, नाईक दत्ताराम, माझ्याच नाटे गावचा. त्या दिवशी मी तापाने फणफणलो होतो. दत्ता म्हणाला, "आज तू पड गप. मी जातो."

रेडिओ माझ्या उशाशी होता. आधी गोळीबार ऐकू आला, मग आवाज. "दत्ता हिट. ओव्हर."

"कंडिशन सांग. ओव्हर."

"नो मोअर. ओव्हर."

निवृत्त होऊन गावी आलो आणि खरी लढाई सुरू झाली. बंदराकडे जायचं तर वाटेत दत्ताचं घर. त्याचे वडील शंकरकाका दारात जाळं दुरुस्त करत बसलेले. मला पाहून "जेवलास काय?" एवढंच विचारायचे. दत्ताबद्दल चकार शब्द नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला जगावंसंच वाटेना. शेवटी बायकोने मला रत्नागिरीला समुपदेशनाला नेलं.

मॅडम भल्या होत्या, पण माझं तोंड उघडेना. बंदुकीच्या गोळ्या परवडल्या, पण हे मनातलं सांगणं नको. काही खेपांनंतर त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी काकांना घेऊन या." काका आले. मॅडमनी आम्हाला समोरासमोर बसवलं.

मग काका उठले आणि खिडकीकडे तोंड करून हात जोडले. गावच्या देवळात सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं काकाच घालतात; त्यातल्या प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी होकार द्यायचा असतो.

"बा देवा महाराजा, माजा दत्ता गेला."

"व्हय महाराजा," मी सवयीने म्हणालो.

"ह्याच्या जाग्यावर गेला."

"व्हय महाराजा."

"ह्याचा त्यात काय दोष न्हाय."

मला शब्द फुटेना. काकांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. होकाराशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही, आणि अर्धवट सोडलेलं चालत नाही. मॅडम मध्ये पडल्या नाहीत. काका उभेच. त्यांचे गुडघे लटपटत होते.

"म्हण रे बाबा," ते म्हणाले.

"व्हय महाराजा." मला ते पटलं नव्हतं, आजही पटलेलं नाही. म्हाताऱ्याला खाली बसता यावं म्हणून म्हटलं.

"आमच्या पोराला आसंल तितं सुखात ठेव."

"व्हय महाराजा."

हे मात्र परेडवरच्या आवाजात म्हटलं. बाहेर बसलेले लोक दार उघडून पाहू लागले. काका बसले, आणि नाईक दत्तारामसाठी आम्ही दोघं पहिल्यांदाच एकमेकांदेखत रडलो.