राखणीचं इंग्रजी

गावित बाई गेल्या, हे मला वॉर्डात कळलं. नाशिकला ज्या रुग्णालयात मी परिचारिका आहे, तिथे सकाळच्या ड्युटीवर असताना बाईंच्या सुनेचा फोन आला. खोडाळ्याच्या घरी ओसरीवर बसून नागली पाखडत होत्या, सूप मांडीवरच राहिलं... एवढंच ती बोलू शकली. त्याला आता काही आठवडे झाले. बाईंवर तूच लिही, असं शाळेतल्या मैत्रिणी म्हणतात म्हणून बसले आहे. पण खरं सांगते, कागद पुढे ओढला की डोळ्यांत पाणी यायच्या आधी डोक्यात राग येतो. बाईंच्या शोकसभेत जे घडलं त्याचा तो राग आहे, आणि ते सांगायचं तर आधी बाईंचा वर्ग सांगायला हवा.

आमचा पाडा खोडाळ्याहून वर, डोंगरात. शाळा म्हणजे दोन खोल्या आणि पुढे ओटा. घरात आम्ही आमची बोली बोलायचो, पुस्तकातली मराठीच आम्हाला पाहुणी, त्यात इंग्रजी म्हणजे तर परमुलूखच. बाजारात मिळणाऱ्या गाईडात सी, लूक आणि वॉच या तिन्ही शब्दांपुढे एकच अर्थ छापलेला असे, ‘पाहणे’. बाईंना त्याचा भयंकर संताप यायचा. एका खुंटीला तीन सदरे अडकवून ठेवलेत मेल्यांनी, असं म्हणून त्या गाईड मिटायच्या आणि आम्हाला ओट्यावर न्यायच्या. डोळे उघडे आहेत, समोरचा डोंगर आपोआप दिसतो, तो सी. घार आली म्हणून मान वर करून तिच्याकडे मुद्दाम बघितलं, तो लूक. आणि कोंबडी पिल्लांना पंखाखाली घेऊन त्या घारीवरची नजर हटवत नाही, आता काय करेल, कुठे झेपावेल म्हणून लक्ष ठेवून बसते, तो वॉच. मग बाई विचारायच्या, तुमच्या घरी कोण काय वॉच करतं? चुलीवरचं दूध, पाळण्यातलं पोर, नागलीचं शेत... उत्तरं संपायची नाहीत. बाईंचं इंग्रजी विलायती वळणाचं नव्हतं, नागलीच्या भाकरीसारखं जाडंभरडं होतं, पण अंगी लागायचं.

मी सातवीत असताना खोडाळ्याच्या वसतिगृहासाठी मुलं निवडायला जव्हारहून एक साहेब आले. आमच्या पाड्यावरून रोज हायस्कूलला जाणं शक्यच नव्हतं. वसतिगृह मिळालं तर शिक्षण, नाहीतर शेत आणि लग्न. साहेबांनी मला इंग्रजीत विचारलं, संध्याकाळी तू काय करतेस? मी म्हटलं, “आय वॉच द फील्ड.” नागली कापणीला आलेली, अंधार पडला की रानडुकरं उतरायची, आणि मी आईबरोबर राखणीच्या माळ्यावर बसून डबा बडवायची. मी अगदी खरं तेच सांगितलं होतं. साहेब खो खो हसले. वॉच टीव्हीला म्हणतात, शेताला सी म्हणायचं, असं मला समजावून त्यांनी माझ्या नावापुढे ‘इंग्रजी कच्चे’ असा शेरा मारला. बाई दारातच उभ्या होत्या. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, “साहेब, एक रात्र त्या माळ्यावर बसून बघा. मग सांगा, सी का वॉच.” साहेबांनी पुढच्या मुलाला बोलावलं.

वसतिगृह गेलं. त्याच आठवड्यात बाई आमच्या घरी आल्या आणि मी खोडाळ्याला त्यांच्याकडे राहून शिकेन, असं सांगून मोकळ्या झाल्या. आई म्हणाली, “पोरगी नेली तं रान कोण राखंल, बाई?” बाई आईच्याच बोलीत म्हणाल्या, “तू रान राख. पोरीला मी राखीन.” आणि त्यांनी राखली. अभ्यासाला उठवताना दयामाया नाही, तापात मात्र उशापासून हलायच्या नाहीत. आज वॉर्डात मॉनिटरवरचा आकडा सगळ्यांनाच दिसतो. पण रोग्यावर लक्ष ठेवणं म्हणजे काय, ते मी नर्सिंगच्या पुस्तकातून शिकलेली नाही. शाळा सुटल्यावर बाई कुलूप हातात घेऊन दारात थांबायच्या. लांबच्या पाड्यांची पोरं चढ चढून खिंडीपाशी पोचायची, शेवटचं पोर वळून हात वर करायचं, बाई हात वर करायच्या, आणि मगच कुलूप लागायचं. खोडाळ्याची गाडी चुकली तर चुकली, पण यात कधी बदल झाला नाही.

तर शोकसभा. ती आमच्या त्या जुन्या शाळेत झाली. पाहुणे म्हणून तेच साहेब, आता बरेच वर चढलेले. बोलता बोलता ते खुलले आणि म्हणाले, अशा मुलांना इंग्रजी शिकवणं काय दिव्य असतं ते ऐका, एक मुलगी मला म्हणाली होती, आय वॉच द फील्ड! सभा हसली. बाईंच्या फोटोला घातलेला हार अजून सुकला नव्हता आणि त्यांच्याच खोलीत लोक हसत होते... एका शेऱ्याने ज्याने पोरीची वाट बंद केली, तो माणूस इतकी वर्षं तो किस्सा खिशात घालून फिरतो आहे आणि टाळ्या घेतो आहे! चूक त्याची होती, आणि हसं आमचं होत होतं. मी उभी राहिले. म्हटलं, “ती मुलगी मी. उत्तर बरोबर होतं, साहेब. बाईंनी तेव्हाच सांगितलं होतं.” हसणं थांबलं. साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि बाईंच्या साधेपणाविषयी बोलायला लागले.

सभा संपल्यावर त्यांनी मला गाठलं. गंमत केली, सिस्टर, मनावर घेऊ नका, चला, खोडाळ्यापर्यंत सोडतो, नाशिकची शेवटची एसटी मिळेल, असं वर सौजन्यही दाखवलं. रागाने का होईना, मी गाडीपर्यंत गेले. तेवढ्यात दुसऱ्या खोलीतली शाळा सुटली. पोरं चढाला लागली. नवे गुरुजी पाहुण्यांच्या चहाच्या कपबशा आवरण्यात गुंतले होते आणि दारात कुणीच नव्हतं. मी मागे फिरले आणि दारात जाऊन उभी राहिले. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला. शेवटी साहेबांनीच काच खाली करून विचारलं, “एवढं काय बघताय, सिस्टर?”

मी चढावरची नजर हटवली नाही. त्याचं उत्तर मी त्यांना सातवीतच दिलं होतं, आणि शेवटची मुलगी अजून खिंडीपाशी पोचायची होती.