किल्ली पांढऱ्या घरात मिळेल

ड्रमफॅलनच्या पडक्या किल्ल्याच्या दारावर एक पाटी होती: ‘किल्ली खालच्या पांढऱ्या घरात मिळेल.’ अठ्ठेचाळीस वर्षं त्या घरात एफी गिल्क्रिस्ट राहायची आणि तिच्या शेजारी मी. शाळेची बस चालवून निवृत्त झाल्यापासून तिच्या दाराशी आलेले पाहुणे न्याहाळण्यापलीकडे मला फारसा उद्योग नव्हता.

वीतभर लांबीची ती किल्ली चहाच्या डब्याशेजारी खिळ्याला टांगलेली असे. पण गोष्ट ऐकल्याशिवाय ती कुणाच्या हाती पडत नसे. इंग्रजांनी तीन दिवस तोफा डागल्या, चौथ्या दिवशी भिंती कोसळल्या, आणि पश्चिमेच्या भिंतीवरचा काळा डाग म्हणजे त्याच आगीची खूण. ही गोष्ट एफीला सासूने सांगितलेली. एखादा पाहुणा चुळबुळ करू लागला की ती म्हणायची, “किल्ला चारशे वर्षं उभा आहे, तुम्हाला पाच मिनिटं जड झाली होय?” नवरा, टॅम, लवकर गेला. मूलबाळ नाही. त्या गोष्टीनेच बाईला उभं ठेवलं होतं, असं मला आजही वाटतं.

मग किल्ल्यावर नवा माहितीफलक लावायचं ठरलं आणि त्याचा मजकूर लिहायला कर्स्टी लॅमंट नावाची मुलगी आली. दिवसभर भिंती मोजून ती एफीच्या स्वयंपाकघरात बसली. मीही तिथेच होतो, कारण एफीने सूप केलं होतं.

“गिल्क्रिस्टबाई, रागावू नका, पण इथे लढाई झालेलीच नाही,” कर्स्टी म्हणाली. “तो काळा डाग मुदपाकखान्याच्या धुराचा आहे. मालकाने खाली नवं घर बांधलं आणि छतावरचे शिशाचे पत्रे आणि लाकूड तिकडे नेलं. उरलेला दगड गावाने नेला.”

“गावाने?” मी म्हणालो. “कुठलं गाव?”

“तुमचंच, आजोबा. मालकाची तक्रारीची पत्रं आहेत. एकात लिहिलंय, दिवाणखान्याच्या भिंतीतल्या चुलीवरचा कोरीव दगड, ज्यावर बगळा आहे, तो गिल्क्रिस्टने पळवला. घराण्याचं चिन्ह होतं ते. तुम्हाला काही ठाऊक आहे का?”

एफी सूप ढवळत राहिली. “नाही बाई,” ती म्हणाली.

कर्स्टी गेल्यावर तिने गॅस बंद केला आणि भिंतीतल्या जुन्या चुलीवरच्या दगडावर वाळत घातलेले मोजे काढले. दगडावर चुन्याचे थरावर थर होते. “हात लाव, डुगल.”

मी हात लावला. लांब मान, चोच, एक पाय. बगळाच.

“दर वसंतात मी हा रंगवते,” ती म्हणाली. “बोटांना पक्षी लागायचा. कुणा पूर्वजाची हौस असेल, म्हणून सोडून दिलं. विचारलंच नाही कधी. एक्केचाळीस वर्षं मी लोकांना थापा मारल्या रे.”

“तुला कुठे माहीत होतं? गप्प बस. सांगितलंस तर दगड नेतील, मग किल्लीही काढून घेतील. आणि माझी पायरीसुद्धा उखडतील.”

“तुझी पायरी?”

मी जीभ चावली. माझ्या दारातली पायरी मधोमध झिजलेली आहे. आमच्या तीन माणसांच्या घरात वर्षानुवर्षं चाललं तरी दगड इतका झिजत नाही, हे मला लहानपणापासून कळत होतं.

“म्हणजे तुला ठाऊक होतं!” एफी म्हणाली. “लबाडा! आणि माझी गोष्ट ऐकत माझंच सूप ओरपत बसायचास?”

शनिवारी एक बाई दोन मुलींना घेऊन किल्ली मागायला आल्या. मी कुंपणाशी उभा होतो. एफीने नेहमीप्रमाणे सुरुवात केली, “इंग्रजांनी तीन दिवस...” आणि ती थांबली. धाकटी मुलगी तिच्याकडे टक लावून बघत होती. एफीचा चेहरा असा पडला की मला वाटलं, आता ही रडणार. ती म्हणाली, “नाही. तसं झालं नाही. आत या.”

दुपारपर्यंत ती आणि त्या मुली चमच्यांनी चुना खरवडत होत्या. संध्याकाळी तिने कर्स्टीला फोन केला. मी घरात बसून पायरी उखडायला येणाऱ्यांची वाट पाहिली. कुणी आलं नाही. कर्स्टीने फोटो घेतले आणि सांगितलं, दगड इथेच राहू दे, फक्त येणाऱ्यांना दाखवा. गाव मात्र महिनाभर एफीशी बोललं नाही. दुकानात कुणीतरी म्हणालं, “आम्हाला चोर ठरवलंस.” एफी म्हणाली, “मी गिल्क्रिस्ट, पहिली चोर मीच. रांगेत मागे उभे राहा.”

त्यानंतर सात वर्षं ती पाहुण्यांना आधी स्वयंपाकघरात न्यायची आणि मग किल्ली द्यायची. गोष्ट आता लहान झाली होती, पण लोक जास्त वेळ थांबायचे. मी मात्र माझ्या पायरीवर जाड पायपुसणं टाकून ठेवलं होतं. ती येता-जाता त्याकडे बघायची. बोलली कधीच नाही.

गेल्या मार्चमध्ये एफी गेली. किल्ली तिने माझ्या नावाने पाकिटात ठेवली होती. सोबत चिठ्ठी नव्हती. पाटी आता बदलली आहे: ‘किल्ली पांढऱ्या घराशेजारच्या घरात मिळेल.’

काल पहिले पाहुणे आले, एक म्हातारं जोडपं. किल्ली घ्यायला हात पुढे करून दाराशी, पायरीच्या कडेवर उभे राहिले.

“किल्ला किती लांब आहे?” त्यातल्या नवऱ्याने विचारलं.

मी वाकून त्यांच्या पायांपुढचं पायपुसणं उचललं.

“तुम्ही त्याच्यावरच उभे आहात,” मी म्हणालो.