विम्याच्या कार्डावरची मुलगी

स्टुलावर चढायचं नाही, असं मुलानं मला दिवाळीत बजावलं होतं. म्हणून मी जेवणाच्या टेबलावर चढले. माळ्यावरचं पुरणयंत्र हवं होतं. ते हाताला लागलंसुद्धा. उतरताना खालची खुर्ची हलली आणि मी गिरगावातल्या आमच्या घराच्या लादीवर अशी आडवी झाले की शेजारीण धावत आली तेव्हा तिला आधी पुरणयंत्र दिसलं, मग मी.

खुब्याचं हाड. परळच्या एका ट्रस्टच्या इस्पितळात नेलं. डावा पाय ताणून पट्ट्यात गुंडाळला, पट्ट्याला दोरी, दोरी पलंगाच्या टोकाच्या चाकावरून खाली, आणि तिच्या टोकाला वजन. आता लोखंडी चकत्या असतात, पण वॉर्डातल्या आया अजून त्यांना वीटच म्हणतात. वीट बांधली की माणूस कुठेही जात नाही. कुशीवर वळता येत नाही, उठून बसता येत नाही, साधी पाठ खाजवायची तर कुणाला तरी हाक मारावी लागते. मला मोजकंच दिसे. वरचा पंखा, उजवीकडची खाट आणि मान उचलली तर समोरची रांग, दरवाजापर्यंत.

डॉक्टर तरुण होता, पण बोलायला सरळ. "आजी, हे जितकं लवकर करू तितकं चांगलं. या वयात पडून राहिलं की छातीत कफ धरतो, पाठीला जखमा होतात. उद्या सकाळी घेतो तुम्हाला. फक्त खालून अप्रूव्हल येऊ दे."

खाली म्हणजे तळमजल्यावर, जिथे इन्शुरन्सचं टेबल होतं. एवढ्या मोठ्या ऑपरेशनचे पैसे तिथल्या तिथे उभे करणं मुलाच्या आवाक्यातलं नव्हतं. माझी स्वतःची पॉलिसी होती एके काळी. नवरा गेल्यावर मीच ती बंद केली. "मला काय धाड भरलीय," असं एजंटला ऐकवलंही. तो बिचारा जिना उतरून गेला आणि मी विजयी मुद्रेनं चहा टाकला. आता भरवसा होता तो मुलाच्या कंपनीच्या विम्यावर. त्यात आईवडील येतात.

उजवीकडच्या खाटेवर भायखळ्याची एक कॅथलिक म्हातारी होती. तिचा नवरा गोदीत होता, तो गेला तरी गोदीच्या दवाखान्याचं कार्ड तिला पुरत होतं. तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन तिला इकडे पाठवली, तीही खुब्यासाठीच. समोरची बाई कॉटन ग्रीनच्या चाळीतली, घरोघरी पोळ्या लाटणारी. ती आली केशरी रेशन कार्डावर, सरकारी योजनेत. त्या दोघींची ऑपरेशनं माझ्यादेखत झाली. पोळ्यांवाल्या बाईचा अंगठा मशीनवर जुळला आणि त्याच दुपारी तिला आत नेलं. कंपनीच्या विम्याची म्हणून मी पहिल्या दिवशी जरा तोऱ्यात होते. तिसऱ्या दिवशी तोरा नव्हता. विटेला लटकलेली मीच एकटी उरले होते.

मुलगा वर आला तो चेहरा पाडूनच. बरोबर खालच्या टेबलावरची मुलगी होती, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब.

"आजी, क्वेरी आलीय," ती म्हणाली. "पॉलिसीत पेशंटचं नाव वेगळं आहे. तुमच्या आधारवर वेगळं."

"स्पेलिंग?"

"स्पेलिंग नाही हो. नावच वेगळं. पॉलिसीतली बाई दुसरीच आहे."

मुलगा म्हणाला, "अगं, एचआरनं माझ्या पासपोर्टवरून घेतलं. पासपोर्टवर जन्मदाखल्यावरून आलं. मला वाटलं, तेच तुझं खरं नाव असणार, सरकारी कागदावर आहे म्हणजे."

तिनं ते नाव वाचून दाखवलं. माझं माहेरचं नाव.

मी पंख्याकडे पाहिलं. पंखा फिरत होता. मला मात्र पळून जायला जागा नव्हती, आणि ती मुलगी विचारत होती, "आजी, दाखल्यावर आईचं नाव असं कसं लागलं?"

"त्या काळचे कारकून," मी म्हटलं, "काहीही लिहायचे."

हे खोटं होतं. कारकून शहाणा होता. मीच नव्हते.

झालं होतं असं. लालबागला आमच्या चाळीत माझ्या नावाच्या तीन बायका होत्या. एक माझी आजी, जिचं नाव मला ठेवलं होतं, एक कोपऱ्यातली पापड लाटणारी, आणि मी. कुणी हाक मारली की तिघी "ओ" द्यायच्या. मला त्या नावाची लाज वाटे. लग्न ठरलं तेव्हा सर्वांत मोठा आनंद कशाचा झाला असेल, तर आता नाव बदलणार याचा. आमच्यात नवरा ताटातल्या तांदळावर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. सासूनं एक देवीचं नाव योजलं होतं. ते मला कळलं मात्र, मी होणाऱ्या नवऱ्याला चिठ्ठी पाठवली: मला अमुक नाव हवंय, नाहीतर तांदूळ विस्कटीन. एवढी मी क्रांतिकारक. वहीच्या मागच्या पानांवर महिनाभर नव्या नावाची सही गिरवत होते, शेवटच्या अक्षराला अशी शेपटी काढायची की पान संपायचं. नवऱ्यानं तेच नाव लिहिलं. सासू वर्षभर माझ्याशी तुटक बोलली.

मग दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. निघताना सासू म्हणाली, "झेपेल ना गं तुझ्या वडिलांना?" वडील गिरणीत होते. मला राग आला. राग आला की मला बुद्धी सुचायची, आणि त्या वयात सुचलेली बुद्धी कुठल्या दर्जाची असते हे आता मी सांगू शकते.

वडिलांकडे कामगार विम्याचं कार्ड होतं. त्यावर सगळ्या कुटुंबाचा फोटो चिकटवलेला, मागे सगळ्यांची नावं. लग्न झालेली मुलगी त्यात धरत नाहीत. पण माझं नाव काढायला कुणी गेलंच नव्हतं. वडिलांना लपवाछपवी जमत नसे. ते म्हणाले, "पोरी, तू आता त्यांच्या घरची. खोटं नको सांगूस."

मी म्हटलं, "खोटं कुठंय बाबा? फोटो माझा, नाव माझं."

ज्या नावाची मला लाज वाटत होती, तेच नाव मी कामगारांच्या इस्पितळातल्या खिडकीवर ठणठणीत आवाजात सांगितलं. खिडकीतल्या कारकुनानं कार्ड पाहिलं, माझं पोट पाहिलं, गळ्यातलं मंगळसूत्र पाहिलं. वडील मागे उभे होते, टोपी हातात घेऊन. कारकुनानं त्यांच्याकडेही पाहिलं आणि लेखणी उचलली. "बाळाच्या वडिलांचं नाव सांगा, ताई," एवढंच म्हणाला. ते मात्र मी खरं सांगितलं.

मुलगा झाला, दमडी न लागता. पेढ्यांचा पुडा घेऊन मी सासरी परतले, आणि सासूसमोर असं मिरवले की जणू मीच गिरणी चालवत होते. वडिलांचं मात्र त्यानंतर एक वर्ष वाईट गेलं. खात्यात साहेबानं नुसतं बोलावलं तरी ते दचकायचे. खोकला झाला तरी विम्याच्या दवाखान्यात जाईनात. आई सांगायची, मी हसायचे. "बाबा किती भित्रे!" तेव्हा मला हे फार विनोदी वाटायचं.

पुढे गिरणी बंद पडली, ते कार्डही कुणाच्या कामाचं राहिलं नाही. वडील गेल्यावर ते मी घेऊन आले. का ते विचारू नका. मला त्यातलं माझं ध्यान आवडायचं. दोन वेण्या, हनुवटीवर तीळ, आणि फोटोवाल्यानं "हलू नका" म्हटल्यावर रोखलेले डोळे.

तर आता त्या वॉर्डात, विटेला बांधलेली, मी हे सगळं कुणाला सांगणार? मुलाला? आयुष्यभर मी त्याला खोटं बोलू नकोस म्हणून पट्टीनं मारलेलं. डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी आला, छातीला नळी लावून ऐकलं आणि पहिल्यांदाच हसला नाही. "कफ सुरू झालाय. उद्यापर्यंत थांबू, फार तर परवा."

तो गेल्यावर शेजारची म्हातारी म्हणाली, "काय गो बाय, काल रात्रीपासून तोंड बारीक केलंयस. दुखतंय काय?"

"दुखत नाही. नडतंय."

मी तिला सगळं सांगितलं. अनोळखी माणसाला सांगणं सोपं. ती इतकी हसली की तिच्या टाक्यांना कळ लागली, मग "जीजस, जीजस" करत पोट धरून पडली. शांत झाल्यावर म्हणाली, "आमच्यात पाद्रीकडे जाऊन सांगतात. तुझा पाद्री म्हणजे तुझा पोरगाच दिसतोय. सांग त्याला. नायतर इथंच राह वीट घेऊन."

दुपारी मुलगा आला. नोटरीशी बोलून आला होता. दोन नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र करता येईल, पण विमा कंपनीला त्याच्या जोडीला जुन्या नावाचा फोटो असलेला कागद हवा होता. शाळेच्या दाखल्यावर फोटो नव्हता. लग्नाची नोंदणी आम्ही केलीच नव्हती. "आई, एखादा तरी कागद असेल ना गं? काहीही? जुना?"

"आहे," मी म्हटलं. "माळ्यावर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. तुझ्या आजोबांचं विम्याचं कार्ड."

त्याचा चेहरा उजळला. "मग कालच बोलली का नाहीस?"

आणि मग मला बाकीचंही सांगावं लागलं. पाय वर टांगलेला असताना माणसाला कबुली देणं फार गैरसोयीचं असतं, कूस बदलून पाठ फिरवण्याचीही सोय नसते. तो ऐकत राहिला. त्याच्या कपाळावर त्याच्या आजोबांसारखी आठी पडली.

"म्हणजे मी चोरून जन्मलो?"

"चोरून नाही रे. सवलतीत."

शेजारच्या खाटेवरून पुन्हा "जीजस, जीजस" ऐकू आलं. मुलगा हसला नाही. तो म्हणाला, "आजोबांना घेऊन गेलीस त्या खिडकीवर? त्यांना?"

"हो," मी म्हटलं. यावर मला विनोद सुचला नाही.

तो उठला, गेला, आणि दोन तासांत डबा घेऊन आला.

"टेबलावर चढलास ना?" मी विचारलं.

"चढलो," तो म्हणाला. "गप्प बस."

संध्याकाळी नोटरी वॉर्डात आले. मला उठता येत नव्हतं म्हणून कागद उलटा धरून छातीजवळ आणला. दोन सह्या हव्या होत्या, एक एका नावाची, एक दुसऱ्या. नव्या नावाची झपकन झाली, शेपटीसकट. जुनं नाव लिहायला घेतलं तर पेन थांबलं. पहिलं अक्षर शाळेत काढायचे तसं काढलं, गोल, सावकाश. नोटरी घड्याळाकडे बघत होते. इन्शुरन्सच्या टेबलावरच्या मुलीनं कार्डाचा फोटो टॅबवर मोठा केला, मग माझ्या हनुवटीजवळ वाकली. तीळ होता. आता त्यातून दोन पांढरे केस निघतात, पण तीळ तोच.

"आजी, किती गोड दिसत होतात," ती म्हणाली.

"भामटी होती," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खालून काहीच आलं नाही. मी पंख्याची पाती मोजली, ती तीनच होती. वडील वर्षभर कसे जगले असतील, हे मला त्या सकाळी थोडंफार कळलं. दरवाजात कुणी आलं की आधी त्याच्या हातात कागद आहे का ते बघायचं. खोकला दाबायचा, कारण डॉक्टरनं ऐकला तर तो "आता नको" म्हणेल.

साडेतीनला खालच्या टेबलावरची मुलगी धावत आली. "झालं, आजी! अप्रूव्ह!" माझ्या मनगटावरची पट्टी कापून तिनं नवी बांधली. पॉलिसीत जे नाव तेच पट्टीवर लागतं, म्हणून त्यावर माहेरचं नाव होतं. आयांनी वीट सोडली. पाय इतका हलका झाला की माझा वाटेना. स्ट्रेचर निघालं तेव्हा शेजारच्या खाटेवरून हात हलला. "जा बाय. येताना खरी होऊन ये."

ऑपरेशनच्या दारात मुलगा थांबला. त्याच्या खिशातून ते कार्ड डोकावत होतं. त्यानं ते परत डब्यात ठेवलं नव्हतं.

आत थंडी होती. हिरव्या टोपीतली एक सिस्टर फाइल घेऊन दारात आली आणि यादीतलं नाव मोठ्यानं पुकारलं. आई गेल्यापासून त्या नावानं मला कुणी हाक मारली नव्हती. मी क्षणभर थांबले, आणखी कुणी "ओ" देतंय का ते ऐकायला. आजी नव्हती, पापडवाली नव्हती.

"ओ," मी म्हटलं.