काकूंची डिस्क

मला स्क्रीन लागत नाही असं दोनदा सांगूनही काका शेजारच्या क्लासमधून मॉनिटर उचलून घेऊन आलेच. "असू द्या," म्हणाले, "मशीनला बरं वाटेल." काका म्हणजे सदाशिव पेठेतल्या आमच्या ध्वनी-वाचनालयाचे कार्यवाह. बँकेतून निवृत्त झाले आणि इथे येऊन बसले. मी जन्मांध. कर्वेनगरच्या एका कॉलेजातले सर्व्हर आठ वर्षं मी सांभाळते आणि तिथे मला मॉनिटर आणून देण्याची हिंमत आता कोणी करत नाही.

वाचनालयाचं काम सरळ आहे. डोळस माणसं येऊन पाठ्यपुस्तकं मोठ्याने वाचतात, ते रेकॉर्ड होतं आणि आमच्यासारखी मुलं ते ऐकून परीक्षा देतात. हे सगळं रेकॉर्डिंग एका सर्व्हरवर होतं आणि मार्चमध्ये तो सुरू व्हायचा थांबला. कंपनीचा माणूस आला, दहा मिनिटं खाटखुट करून म्हणाला, सगळं फॉरमॅट करून नवीन टाकावं लागेल. काकांनी विचारलं, सगळं म्हणजे किती? तो म्हणाला, सगळं म्हणजे सगळं. काकांनी त्याला चहा न देता वाटेला लावलं आणि मला फोन केला.

त्या डिस्कवर अकरा वर्षांचं वाचन होतं आणि त्यातलं निम्मं तरी काकूंच्या आवाजातलं. काकू म्हणजे काकांची बायको. दर मंगळवारी आणि गुरुवारी दोघं जोडीने यायची. त्या वाचायच्या आणि काका रेकॉर्डिंगचं बघायचे. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. त्यांच्या आवाजाची दुसरी प्रत कुठेच नव्हती. मुलांना दिलेल्या प्रती परत आल्या की पुसून पुढच्याला द्यायची आमची पद्धत. मूळ संचाची प्रत काढण्याचा विषय कार्यकारिणीपुढे दोनदा आला आणि दोन्ही वेळा चहा आल्यामुळे पुढच्या सभेवर गेला. तेव्हा जे काही उरलं होतं ते त्या एका डिस्कवर.

माझ्यावर त्या आवाजाचं ऋण वेगळंच आहे. कॉलेजात असताना मला लिनक्सचं, म्हणजे सर्व्हर ज्यावर चालतात त्या सिस्टिमचं, पुस्तक हवं होतं आणि ते वाचायला कोणी तयार होईना, कारण अर्धं पुस्तक कंस आणि तिरप्या रेघांनी भरलेलं. काकूंनी ते घेतलं. एका अक्षराचा अर्थ न कळता त्यांनी प्रत्येक स्वल्पविराम, प्रत्येक टिंब वाचून काढलं. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात शिकायला कोणी अडवत नाही, पण घरातल्या कोणालाही ते पुस्तक वाचता आलं नसतं. मी जे काही आहे ते त्या चारशे पानांवर उभं आहे, हे मी काकूंना त्या असताना सांगितलंही होतं. त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई, मला वाटलं माझंच चुकतंय."

एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी मी कामाला बसले. सर्व्हरला बोलायला स्पीकर नसतो, म्हणून मी एका केबलने तो माझ्या लॅपटॉपला जोडला. सर्व्हर जे लिहितो ते लॅपटॉप माझ्या कानात वाचून दाखवतो आणि मी टाइप करते ते सर्व्हरला जातं. लिनक्स हल्ली आपोआपही बसतं, चार वेळा 'पुढे' म्हटलं की झालं. मला ते पटत नाही. डिस्कचे भाग कुठे पाडायचे, कुठल्या भागात काय ठेवायचं, मशीनने सुरू होताना पहिली नजर कुठे टाकायची, हे मी एकेक ओळ लिहून हाताने करते. वेळ लागतो, पण नंतर मशीनमध्ये काय कुठे आहे हे मला कोणाला विचारावं लागत नाही.

बेत असा होता की नव्या डिस्कवर नवीन सिस्टिम बसवायची, मग जुनीवरचं वाचन नवीवर उतरवायचं आणि जुनी कपाटात जपून ठेवायची. सकाळी मी मशीन पेनड्राइव्हवरून सुरू करून आधी जुनी डिस्क तपासली. तिचे भाग कुठून सुरू होतात आणि कुठे संपतात ते आकडे ब्रेल पाटीवर टोचून घेतले. ही माझी सवय आहे. दुसऱ्याच्या घरात शिरताना मी पायऱ्या मोजते तशी. मग मशीन बंद केलं, नवी डिस्क शेजारच्या खाचेत घातली, जुनी खाचेतून अर्धी बाहेर ओढली, म्हणजे तिला वीजच मिळू नये, आणि तिच्या दांडीला एक रबरबँड गुंडाळला. दोन्ही डिस्क एकाच मेकच्या, एकाच आकाराच्या. नवी डिस्क 'जशी आहे तशीच आणावी' असा कार्यकारिणीचा ठराव होता ना. हाताला फरक कळायला रबर हवाच.

एवढं करून मी कोपऱ्यावर चहाला गेले. वीस मिनिटांत परत आले, बसले, मशीन सुरू केलं.

काका खुर्ची ओढून शेजारीच बसले. "मॅडम, आपल्याला खात्री आहे ना?"

सकाळपासूनची ही सहावी वेळ होती.

"काका, मी आंधळी आहे, नवशिकी नाही."

"तसं नव्हे हो. आपण एकदा नीट..."

"बघते," मी म्हणाले आणि बघितलं नाही. खरं सांगायचं तर मशीन पुन्हा सुरू केल्यावर कुठल्या डिस्क जोडलेल्या आहेत ती यादी परत ऐकायची असते. दोन सेकंदांचं काम. पण एकच डिस्क जोडलेली आहे हे मला माहीत होतं, आणि काकांनी सुचवलंय म्हणून तर मी ती मुळीच ऐकणार नव्हते. मी पहिल्या डिस्कचे नवीन भाग पाडायचा हुकूम दिला. लॅपटॉप काहीतरी भरभर बोलला. मी त्याचा वेग फार ठेवते, त्यातून दुसऱ्या कानाशी काका बोलत होते. मी एंटर दाबलं.

पुढची पायरी म्हणजे नवा भाग धुऊन-पुसून वापरायला तयार करणं. तो हुकूम दिला आणि लॅपटॉप थांबून विचारायला लागला, इथे आधीपासून काहीतरी लिहिलेलं आहे, मागच्या महिन्यापर्यंत वापरातही होतं, तरी पुढे जायचं का? हो किंवा नाही.

कोऱ्या डिस्कवर काही लिहिलेलं नसतं.

मी 'नाही' टाइप केलं, उठले आणि मशीनच्या तोंडावरून हात फिरवला. दोन्ही डिस्क आत, अगदी एका रेषेत, म्हणजे मशीनने पहिली धरली ती जुनी. रबर कुठेच नव्हता.

"काका, इथला रबरबँड?"

"तो होय? काढला. चांगला रबर होता, मशीनला कशाला? ड्रॉवरमध्ये ठेवलाय." मग जरा अभिमानानेच म्हणाले, "आणि एक कप्पा बाहेर आला होता, तो आत सारला. फडकंही मारलं."

मला काय काय बोलावंसं वाटलं ते इथे लिहीत नाही. पण रबर त्यांनी काढला असला तरी एंटर मी दाबलं होतं. आणि हे त्यांना न सांगता गुपचूप निस्तरणं मला सहज जमलं असतं, तेही खरं. त्यांना स्क्रीनवरचं काही कळत नव्हतं. पण ज्या माणसाने मला सहा वेळा विचारलं त्याला सातव्यांदा मी खोटं ऐकवणार नव्हते.

"काका, मी काकूंच्या डिस्कवर चुकीचा हुकूम चालवलाय."

काकांची खुर्ची माझ्या बाजूला सरकली.

"गेलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली मी. पानं सगळी जागेवर आहेत. आणि अनुक्रमणिका माझ्याकडे लिहिलेली आहे."

"खात्री आहे?" हे मात्र त्यांनी असं विचारलं की मला राग आला नाही.

"आहे," मी म्हणाले. आणि होती. डोकं ठिकाणावर होतं. डिस्कचे भाग नव्याने पाडताना मजकूर पुसला जात नाही, फक्त कुठून कुठपर्यंत कोणाची हद्द ते बदलतं. धुणं-पुसणं सुरू झालं असतं तर गोष्ट वेगळी. जुन्या हद्दी आकड्यांसकट परत लिहिल्या की झालं, फक्त एकही आकडा चुकता कामा नये. मी ब्रेलचा कागद मांडीवर घेतला, लॅपटॉपचा वेग निम्मा केला आणि डाव्या हाताने वाचत उजव्या हाताने टाइप करत गेले. प्रत्येक आकडा लॅपटॉपकडून दोनदा वाचून घेतला. काकांनी या सगळ्या वेळात एक अक्षर काढलं नाही, आणि पुण्यात बँकेत आयुष्य काढलेल्या माणसासाठी ही साधी गोष्ट नाही.

मग डिस्क नुसती वाचण्यापुरती उघडली आणि फायलींची यादी मागितली. लॅपटॉप नावं वाचायला लागला. इतिहास, भाग एक. इतिहास, भाग दोन. भूगोल. मी कानातली वायर काढली आणि त्यांनाही ऐकू दिलं.

मशीन बंद केलं, जुनी डिस्क पूर्ण बाहेर काढली आणि काकांच्या हातात दिली. "ही आता तुम्ही सांभाळा. आणि मी यादी ऐकली नाही ही माझी चूक."

"रबर मी काढला," ते म्हणाले. आमच्याकडे माफी यापेक्षा लांब नसते.

पुढचे दोन तास ते डिस्क मांडीवर घेऊन बसले आणि मी माझं काम केलं. यादी आधी ऐकली. एकच डिस्क. भाग पाडले, सिस्टिम उतरवली, नेटवर्क जोडलं, पासवर्ड ठेवले आणि मशीन पुन्हा सुरू केलं. ते एका झटक्यात उभं राहिलं आणि नाव विचारायला लागलं. मी पुष्कळ सर्व्हर उभे केलेत, तरी त्या क्षणी मला अजून दर वेळी उठून कोणाला तरी टाळी द्यावीशी वाटते. काकांना दिली. मग जुनी डिस्क आत घालून सगळं वाचन नव्या डिस्कवर उतरवायला लावलं. ते संपेपर्यंत साडेतीन वाजले.

"नवीन प्रत चालते का ते बघायला हवं," मी म्हणाले. "कुठलंही एक सांगा."

"कुठलंही," काका म्हणाले.

मी नव्या डिस्कवरची एक फाइल लॅपटॉपवर घेऊन लावली. भूगोल, पान एकशे बारा. काकूंचा तो जरा बसका, अजिबात घाई नसलेला आवाज. सह्याद्रीतल्या घाटांची नावं सांगत होत्या. आमच्याकडे नियम असा की वाचताना मध्येच कोणी खोकलं, बोललं, फोन वाजला तर तेवढा तुकडा कापायचा. काका या बाबतीत फार कडक, एका बाईंची शिंकसुद्धा त्यांनी सोडली नव्हती. पण इथे घाटाच्या मध्यावर काकू थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, तो पंखा बंद करा ना. आवाज येतोय त्यात."

हे काकांनी कापलं नव्हतं.

शेजारची खुर्ची करकरली. काका उठून दारापर्यंत गेले, बटण वाजलं, आणि आमच्या डोक्यावरचा पंखा हळूहळू मंदावत थांबला. मग ते परत येऊन बसले.

काकू पुढे वाचू लागल्या. अजून वीस पानं होती. उकाड्याने माझा ब्लाउज पाठीला चिकटला होता, पण मी पंख्याचं नाव काढलं नाही.