थर्मासचं झाकण

शर्टाच्या कारखान्यात मोठीचं काम एकच: तयार शर्टाचं प्रत्येक बटण ओढून पाहायचं. हाताची ही खोड घरीही आली. कुलूप ओढून बघ, गॅसचं बटण चाचपून बघ, घोरता घोरता नवरा गप्प झाला तर त्याच्या नाकापाशी बोट धरून बघ. घरात तिला सगळे तपासनीसबाई म्हणत आणि ती चिडली की आणखी मोठ्याने म्हणत.

त्या रविवारी मात्र तिचा जीव खरोखरच टांगणीला लागला होता. लेकीच्या होणाऱ्या सासरच्यांबरोबर तळ्याकाठी सहल ठरली होती. "वाइन तुम्ही आणा, फळं आमच्याकडे," असं विहीणबाईंनी कळवलं होतं आणि मोठीचा धाकटा भाऊही येणार होता. धाकटा नळदुरुस्ती करायचा. हातात कसब होतं, पण दारूपायी संसाराचं वाटोळं करून बसला होता. गेलं वर्षभर थेंबालाही शिवलो नाही, असं तो म्हणे. तिला ते खरं मानायचं होतं. पण दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं.

पाव, उकडलेली अंडी, चीज, कोंबडीचे गार तुकडे, सगळं टोपलीत बसलं. बाटलीलाच जागा मिळेना. पावाखाली ठेवली तर मान वर काढी. टॉवेलात गुंडाळली तर जास्तच नजरेत भरे. शेवटी तिने ती नवऱ्याच्या काखेत दिली.

"अहो, ही खाली ठेवायची नाही. अजिबात."

"आणि मग मी जेवायचं कसं?"

तेवढ्यात धाकटा आला. हातात थर्मास. "ताई, हा माझा चहा. तिकडे कुणी ग्लास पुढे केलाच, तर माझ्या हातात आधीच काहीतरी असलेलं बरं." त्याने थर्मास पावाशेजारी आडवा ठेवला आणि खुर्च्या गाडीत टाकायला गेला.

मोठीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. चहाच कशावरून? पूर्वी याच्या पाण्याच्या बाटलीत काय काय निघालं होतं! दाराकडे एक डोळा ठेवून तिने झाकण फिरवलं आणि नाक आत घातलं. चहा होता. नुसता चहा. तिला रडूच आलं. जिन्यात पावलं वाजली, तसं तिने घाईने झाकण लावून थर्मास होता तसा ठेवला. जन्मात पहिल्यांदाच एक गोष्ट तिने ओढून पाहिली नाही.

तळ्याकाठी टोपली उघडली, तर पावाचा लगदा झालेला आणि अंडी तांबूस.

"चहा-पाव आयताच!" नवरा हसला.

धाकट्याने थर्मास उचलला. झाकण तिरकं बसलं होतं. नळाचा एक थेंब गळू न देणारा माणूस तो. त्याने झाकणाकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"जुना झालाय, गळतो," तो विहीणबाईंना म्हणाला.

मग बाटली उघडली. व्याह्यांनी ग्लास भरून थेट धाकट्यापुढे धरला. "घ्या हो, आता आपण घरचेच."

त्याच्या हातात पिण्यासारखं काहीच नव्हतं. धाकट्याने थर्मास उपडा केला, तेव्हा पेल्यात कसाबसा एक घोट पडला.

"माझं आहे," तो म्हणाला.

तो घोट त्याने संध्याकाळपर्यंत प्यायला नाही. ग्लास दोनदा पुढे आला, दोनदा त्याने पेला वर करून दाखवला. गार झालेल्या त्या घोटावर माशी बसली तरी पेला खाली ठेवला नाही. मोठी समोरच बसली होती. पेल्यावरची माशी हाकलायचं तेवढं काम तिने दिवसभर केलं.