बेरातमध्ये लाटलेल्या दहा पोळ्या

नुवार्क विमानतळावर मला सोडताना माझा नवरा समीर म्हणाला, "यार, चार दिवसांत परत येशील. स्वयंपाक केल्याशिवाय तुला करमणारच नाही."

"आठ दिवस पोळी लाटणार नाही. बघच तू!" मी म्हटलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण एवढी साधी सुट्टी मला कधी मिळाली नव्हती. ती मला हवीच होती.

अल्बानियाला एकटी चाललेय म्हटल्यावर आमच्या वेस्ट विंडसर गावातल्या मैत्रिणींनी दबक्या आवाजात विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना गं?" आमच्याकडे बाई एकटी निघाली की एक तर घटस्फोट, नाहीतर योगा रिट्रीट. तिसरं कारण कुणाला सुचत नाही. मीही काही कमी नाही म्हणा. स्वातंत्र्याच्या बॅगेत बेसनाचे लाडू, चिवडा, शंकरपाळे आणि हळदीची पुडी कोंबली होती.

तिरानाहून बेरातला फुर्गोनने (भरल्याशिवाय न सुटणारी मिनीबस, थोडक्यात आपली वडाप) निघाले. ड्रायव्हरने मोडक्या इंग्रजीत चौकशी केली, "नवरा कुठे?"

"घरी."

"आजारी?"

"नाही, आळशी."

तो इतका हसला की समोरून येणाऱ्या ट्रकने हॉर्न मारला. माझं सगळं धैर्य त्या वळणावर सांडलं.

बेरात मात्र सुरेख आहे. डोंगर चढत गेलेली पांढरी घरं, त्यांच्या एकमेकींवरून डोकावणाऱ्या खिडक्या, खाली ओसुम नदी. माझी खोली द्रिता नावाच्या सत्तरीच्या बाईंच्या घरात होती. सगळे त्यांना तेता (मावशी) म्हणत. मुलगे इटलीत, म्हणून वरच्या खोल्या भाड्याने. आमचं बोलणं फोनमधल्या भाषांतरावर चाले.

पहिल्याच संध्याकाळी तेताने ताटलीभर अंजिरं पाठवली. खाऊन झाल्यावर हात थबकला. ताटली रिकामी परत द्यायची? छे! दोन लाडू ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी त्याच ताटलीत अक्रोडाचा केक आला. मी चिवडा दिला. तिसऱ्या दिवशी बुरेक (पालक-चीज भरलेली पापुद्र्यांची पोळी) आला, शंकरपाळे गेले. चौथ्या दिवशी भरलेल्या मिरच्या आल्या आणि उरलेले लाडू संपले. डोंगरावरचा किल्ला पाहायचा सोडून मी डबे चाचपत बसले होते.

पाचव्या दिवशी पुन्हा बुरेक आला. माझ्याकडे द्यायला काही म्हणजे काही नव्हतं. शेवटी बटाटे विकत आणले, तेताच्या स्वयंपाकघरात शिरले, तिचं लांबलचक लाटणं घेतलं आणि हळद घालून भाजी, वर दहा पोळ्या केल्या. समीर जिंकला होता. पोळ्या टम्म फुगत होत्या आणि मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होते.

तेताने चवीने दोन पोळ्या खाल्ल्या, मग फोन पुढे केला. "माझं अन्न तुला आवडत नाही का? रोज बदल्यात दुसरंच काहीतरी देतेस."

"आवडतं हो! पण ताटली रिकामी द्यायची नसते."

"दिली तर काय होतं?"

आईने सांगितलं होतं, आईला तिच्या आईने. 'दिली तर काय' हे मी कधी विचारलंच नव्हतं. फार लाज वाटली.

"तू पाहुणी आहेस," तेता म्हणाली. "खा आणि फिरायला जा."

पुढचे दोन दिवस मी नदीकाठी उंडारले. निघायच्या सकाळी तिने चेरीचा मुरंबा पाठवला. तो खाल्ला, ताटली धुतली आणि जड हाताने रिकामी परत केली. तेताने ती फडताळात ठेवली, माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. बस्स. काहीही कोसळलं नाही.

एकट्याने फिरलं की माणसाला स्वतःचा शोध लागतो म्हणतात. मला एवढंच कळलं की बेडी कुणी घातली नव्हती. मीच ती रोज घासूनपुसून लख्ख ठेवत होते.

नुवार्कला समीर घ्यायला आला. "मग? लाटल्यास ना पोळ्या?"

"दहा."

"म्हटलं नव्हतं मी?" स्वारी खूश. "बरं झालं आलीस. फ्रीज रिकामा आहे. आज साधं वरण-भात-पोळी होऊ दे."

"चालेल. मलाही सपाटून भूक लागलीये. तू कर."

समीरने जीपीएसवर रस्ता सांगणाऱ्या बाईचा आवाज वाढवला. आमचं एक्झिट आल्यावर समीरने हळूच विचारलं, "कणीक कुठल्या डब्यात असते गं?"

त्या घरात हा माणूस चौदा वर्षं राहतोय.