लेकीच्या दंडावरचं माप

रक्तदाबाची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला जुन्या यंत्रांतल्या पाऱ्यावरून सगळे पारावाले म्हणत. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आलं की मालकाने पोट आत घ्यायचं. यंत्र दुरुस्त झालं की लेकीला हाक जायची, "ये गं, दंड दे." धडधाकट पोरगी, दाब कायम एकशे दहा-वीस. लहानपणापासून तोच दंड, तो कधी चुकला नव्हता. ती पंधराची झाली आणि काटा एकशे ऐंशीवर जायला लागला. पारावाले यंत्राला शिवी हासडत आणि स्क्रू पिळून काटा एकशे वीसवर आणून बसवत.

"बाबा, डोकं ठणकतंय."

"मोबाइल खाली ठेव."

पुढे कोपऱ्यावरचे डॉक्टर तणतणत आले. "तुमच्याकडून आलेलं यंत्र सगळ्यांचा दाब साठ-सत्तर दाखवतंय. म्हणे अख्खी गल्ली शेवटच्या घटका मोजतेय. माप लावता कशावरून?"

"लेकीवरून."

डॉक्टरांनी बॅगेतलं स्वतःचं यंत्र तिच्या दंडाला बांधलं. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. तणतण थांबली.

मोठ्या दवाखान्यात मूत्रपिंडात गाठ सापडली, वाटाण्याहून थोडी मोठी. दाब वाढवणारं द्रव्य ती मनमानी सोडत होती. "दुर्मीळ आहे," सर्जन म्हणाले, "पण काढली की बहुतेक दाब उतरतो." पारावाल्यांना तो 'बहुतेक' काही गिळवेना. देहाचा कारभारच असा. आत अंधारात कुणीतरी चिमुकलं बसून हुकूम सोडतं आणि वर माणसं भलत्यालाच शिव्या घालतात.

"स्क्रू कसले पिळत होतात," बायको म्हणाली, "तुमचीच मान पिळायला हवी होती."



शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी सिस्टरने पट्टा गुंडाळला. "एकशे सोळा."

"यंत्र दुरुस्त कुठे करता?" पारावाल्यांनी विचारलं.

"का हो?"

"सहज. दुसरं आहे का?"

दुसऱ्यावर एकशे अठरा. त्यांनी तिसरं मागवलं. त्यावरही तेवढंच.

"आता चौथं मागितलंत," बायको म्हणाली, "तर शेजारच्या खाटेवर तुम्हाला झोपवीन."

"दोघंही बाहेर जाऊन भांडा ना," लेक डोळे न उघडता म्हणाली. "मला झोप येतेय."

पारावाले बाहेर गेले. बराच वेळ नाक शिंकरत राहिले. सर्दी वगैरे काही नव्हती.